सुतळीच्या गाठी

पाषाणच्या प्रयोगशाळेत, तळमजल्यावर,
एक चुंबक उभं आहे. सात फूट चार इंच.
पोटात उणे दोनशे एकोणसत्तर अंशांची थंडी
आणि तोंड कुठे, तर थेट डोक्यावर.
दर सोमवारी तिथूनच द्रव नायट्रोजन भरायचा.
मी चार फूट दहा.
सतरा वर्षं हे काम चवड्यांवर केलं.

औंधला चपला शिवणारे मारुतीकाका एकदा म्हणाले,
"ताई, टाचा कोऱ्या आणि पुढची चाळण.
चालता तरी कुठं?"
कुठंच नाही, काका. एका जागी उभी असते.

लोखंडी शिडी इथं चालत नाही.
जमिनीवर लाल रेघ आहे, रेघेच्या आत
घड्याळ नाही, किल्ल्या नाहीत, केसांतली पिनसुद्धा नाही.
म्हणून प्लास्टिकचं स्टूल, निळं, तुळशीबागेतलं,
पावसकर सरांनी पदरचे पैसे घालून आणलेलं,
आणि सोबत सल्ला : "तोल सांभाळा."
सर बोलतात उंटावरून.
तसे वाईट नाहीत.

मग एका सोमवारी शमीम तांबोळी चढली,
पहिल्या वर्षाची, माझ्याहूनही बोटभर बुटकी.
हात डोक्याच्या वर, हातात नळी, चेहरा वर.
स्टूलाचा एक पाय दुमडला.
पडली नाही, गिरिधरने मागून धरली.
पण पांढरी वाफ तोंडावरच्या ढालीवरून
कपाळावर उतरली तेव्हा
ती "आई गं" म्हणाली नाही. "सॉरी" म्हणाली.
त्याचाच मला राग आला.
कुणाला सॉरी? यंत्राला?

मी अर्ज केला.
खरेदी विभागाने परत पाठवला, पेन्सिलीने लिहून :
किती उंचीच्या कर्मचाऱ्यासाठी? एकच आकडा द्यावा.

भवानी पेठेतून भानुदास पांचाळ आले.
रेघेपाशी थांबवलं, पोलादी टेप काढून घेतली.
त्यांनी खिशातून सुतळी काढली.
चुंबकाकडे एकदा पाहिलं, आणि पाठ केली.
"ते काय, हलणार नाही. तुम्ही उभ्या राहा.
हात वर कशाला? ताटावर बसल्यासारखा धरा."
माझ्या कोपराशी एक गाठ.
शमीमच्या कोपराशी दुसरी.
गिरिधर सहा फूट दोन. तो दारातच घुटमळला,
"मला काय करायचंय चौथऱ्याचं?"
"म्हणूनच तुमचं माप पाहिजे," पांचाळ म्हणाले,
"यांच्यासाठी चढवलेली फळी तुमच्या डोक्यात जाईल."
तेव्हा त्याने केस बाजूला केले.
वरच्या केबलच्या ट्रेने दिलेल्या तीन खुणा.
शिवाय पलीकडच्या धुरपेटीशी तो दिवसभर
स्वल्पविरामासारखा वाकून उभा, कंबरेला पट्टा.
इतकी वर्षं मला वाटायचं,
उंच माणसाचं कुठं काही अडत नाही.

सागाचा चौथरा झाला, पितळी स्क्रू,
दोन पायऱ्या, दोन्हीकडे कठडा, पायांना रबर,
आणि वरची फळी आत सरकणारी.
गिरिधर आला की सरकवतो. कधी विसरतो.

पहिल्या सोमवारी मी वर गेले.
तोंड छातीच्या खाली आलं.
झाकणावर धूळ, एक वाळलेला पतंग,
आणि कंपनीने छापलेली, बारीक अक्षरांची सूचना :
भरताना चेहरा तोंडापासून दूर ठेवा.
सतरा वर्षं ती तिथं होती,
वाचू शकणाऱ्यांसाठी.

आभाळ ठेंगणं वगैरे काही झालं नाही.
चुंबक तेवढं झालं.

संध्याकाळी कात्रजच्या बसमध्ये
कड्या नेहमीसारख्या आमच्या डोक्यांवर झुलत होत्या.
शमीमने माझ्या पिशवीचा बंद धरला,
मी सीटचा कोपरा.
विद्यापीठाच्या चौकात ब्रेक लागला
तेव्हा दोघींनीही वर पाहिलं,
आणि गाठ कुठं बसेल
ते तिने बोटाने हवेत दाखवलं.